खांदा कुणाच्या मालकीचा?

फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच टेस्ट खेळला हे आमच्या काकांना अजून पचलेलं नाही. "आयपीएलला बरा फिट असतो, देशासाठी म्हटलं की वर्कलोड!" मग ठरल्याप्रमाणे कपिल देव, १३१ टेस्ट, इंज्युरीमुळे एकही हुकली नाही. अहो काका, असा एकच झाला म्हणून तर अजून त्याचंच नाव घ्यावं लागतं ना.

मी दक्षिण कोरियात देजॉनला राहतो. इथे बेसबॉलमध्ये स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा बॉलर, पाच-सहा दिवसांतून एकदा टाकतो, शंभरेक बॉल झाले की कोच येऊन बॉल काढून घेतो आणि लोक चिमेक (तळलेलं चिकन आणि बिअर) संपवत बसतात, देशद्रोही वगैरे कुणी म्हणत नाही.

आमच्या देजॉनच्या टीमचा, हानह्वा ईगल्सचा पिचर र्‍यू ह्यॉन-जिन, त्याचंच घ्या. २००६ ला १९ वर्षांचं पोरगं, पहिल्याच सीझनला १८ विजय, २०४ स्ट्राइकआउट (बॅट्समनला थेट बाद करणं), सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही. शाळेत असतानाच कोपराचं ऑपरेशन झालेलं आणि तरी टीमने दोनशेवर इनिंग टाकून घेतल्या (हे मी काकांना सांगत नाही, माझ्याच मुद्द्याला भोक पडेल). २००८ ला बीजिंग ऑलिंपिकची फायनल, क्यूबाविरुद्ध नवव्या इनिंगपर्यंत हाच, गोल्ड मिळालं आणि इथली सक्तीची मिलिटरी सर्व्हिस माफ. २०१२ च्या शेवटी अमेरिकेतल्या डॉजर्स टीमने नुसती बोलणी करायच्या हक्कापोटी हानह्वाला २.५७ कोटी डॉलर मोजले. २०१५ ला खांदा फाडला, दोन सीझनमध्ये मिळून मॅच एक. संपला म्हणाले सगळे. आणि २०१९ ला नऊ इनिंगला सरासरी २.३२ रन, अख्ख्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च लीग) सगळ्यात कमी! स्पीड काही फार नाही हो त्याचा. पण चेंजअप, म्हणजे त्याचा फसवा स्लो बॉल बघा, हानह्वात असताना सीनियर पिचर गु दे-संगकडून शिकलेला, हात अगदी फास्टबॉलसारखाच फिरतो, बॅट्समन आधीच बॅट फिरवून मोकळा आणि बॉल मागून सावकाश खाली पडतो. विश्रांती मिळाली म्हणून हे दिसलं, एवढंच माझं म्हणणं.

तर काका म्हणतात, "पण तो परत आला ना? तू कधी येतोस?"

आला. टोरांटोच्या टीममध्ये असताना पुन्हा कोपर उघडून झाल्यावर, २०२४ ला हानह्वाकडे, आठ वर्षांचा करार, १७०० कोटी वॉन. आठव्या इनिंगला स्पीकर बंद होतात आणि अख्खं स्टँड नुसत्या घशाने टीमचं नाव ओरडतं, मीही ओरडतो, शेजारची आजी मला टाळी देते आणि मग विचारते, भारतात परत कधी जाणार. म्हणजे दोन्हीकडून प्रश्न एकच. त्याच इंग्लंड दौऱ्यात ओव्हलला सिराजने सहा रनांनी जिंकून दिलं तो सोमवार होता, इथे बेसबॉलला सुट्टी, लॅबमध्ये एकटाच नाचलो आणि सांगायला कुणी नाही म्हणून फोन केला तो काकांनाच, ते म्हणाले, "बघ, पाचही टेस्ट खेळला तो!" यावर काय बोलणार. आणि परत यायचं म्हणाल तर पुण्यात एका ठिकाणी अर्ज केला होता मी, साधं नाही म्हणायचंसुद्धा मेल आलं नाही, हे ग्रुपवर कुणाला माहीत नाहीये.