सचिव व्हा, माणूस घडतो म्हणे

आमच्या गावात कबड्डीचं मंडळ आहे. मंडळाला नाव मारुतीरायाचं, हे वेगळं सांगायला नकोच. या मंडळाचा अध्यक्ष व्हायला वावर लागतं, उपाध्यक्ष व्हायला अध्यक्षांशी जुनं भांडण लागतं आणि सचिव व्हायला फक्त पेन लागतो. माझं कृषी केंद्र आहे. काउंटरला दोऱ्यानं बांधलेला पेन बारा महिने तिथंच असतो. त्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली. निवड झाली तेव्हा मी घरी जेवत होतो.

बातमी घेऊन आले ते आमचे निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, "नाही म्हणू नको बाबू. पद घेतलं की नेतृत्वगुण अंगी येतात. माणूस घडतो." स्वतः हेडमास्तरांनी आयुष्यात कोणतंही पद घेतलेलं नाही. ते मार्गदर्शक आहेत. मार्गदर्शकाला खुर्च्या उचलाव्या लागत नाहीत, उलट त्याच्यासाठी कोणीतरी आणून ठेवतो. तो कोणीतरी म्हणजे सचिव.

माझी नेतृत्वाची कल्पना साधी होती. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. दुकानात तसंच चालतं, कारण दुकानातल्या पोऱ्याला मी पगार देतो. मंडळात पगारच नाही, तर कापायचा कुठून? कोणाला काढताही येत नाही. रागावलं की माणूस सरळ दुसऱ्या मंडळात जातो. गावात दुसरं मंडळ आहेच. आमच्याच रागावलेल्या लोकांनी ते काढलेलं आहे.

पहिली सभा मारुतीच्या पारावर रात्री आठला ठेवली. आठला मी आणि एक कुत्रं. मंडळाची घटना ज्यानं लिहिली त्याला मात्र मानलं पाहिजे. त्यात कलमच आहे : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घ्यावी आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. त्या भल्या माणसाला आमचं गाव ठाऊक होतं. साडेआठला मी एकमतानं ठराव मंजूर केला. सह्या दुसऱ्या दिवशी दुकानात घेतल्या, फवारणीच्या औषधासोबत.

मग कागद पाहायला घेतले आणि झांगडगुत्ता कळला. आमचं मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. संस्था काढायला सात माणसं लागतात. ती त्या काळी कशी जमली हे मारुतीलाच ठाऊक. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आधीच्या कोणत्याच कार्यकारिणीनं तो दिलेला नव्हता. त्यामुळे सरकारी कागदावर आमचे अध्यक्ष अजून तेच होते, ज्यांच्या तेरवीचं मी जेवलो आहे. वकील म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा. त्यांच्या दोन मुलांत शेतीची वाटणी अडलेली. मी दाखला मागितला तर थोरल्याला वाटलं धाकट्यानं पाठवलं आणि धाकट्याला वाटलं थोरल्यानं. मी सातबाऱ्याची शपथ घेऊन सांगितलं की कबड्डीसाठी पाहिजे. त्यावर दोघंही पहिल्यांदा एकत्र हसले. दाखला मिळाला. भावांना एकत्र आणणं हा नेतृत्वगुण असेल तर तो एक आला म्हणायचा.

सामने घ्यायचे ठरले सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे लोकांच्या हातात पैसा आल्यावर. पण भाव असा निघाला की पैसा हातात येण्याआधीच वर्गणीवाले दिसले की लोक मागच्या दारानं वावरात जाऊ लागले. "लिहून ठेव ना भाऊ, कुठं पळून चाललो का?" हे वाक्य ऐकून ऐकून माझं पावती पुस्तक मागून भरलं आणि पुढून कोरं राहिलं. बॅनरची गोष्ट काढत नाही. त्यावर किती मुंडकी, कोणाचं केवढं आणि कोणाच्या शेजारी कोणाचं नको, यात जेवढी रात्र गेली तेवढ्यात पऱ्हाटीचं एक वावर वेचून झालं असतं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातला. माती काळी. पाणी मारलं की चिकटते आणि सुकली की भेगा पडतात. त्या भेगेत पाय गेला की चढाई करणारा पोरगा कबड्डीऐवजी आईचं नाव घेतो. म्हणून मैदानाची माती खणून, चाळून, पसरावी लागते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. ऐकायला एवढंसं, चाळायला घ्या म्हणजे कळेल. मी गटावर मेसेज टाकला : उद्या सकाळी सहा वाजता श्रमदान, सर्वांनी उपस्थित राहावे. चाळीस जणांनी अंगठा दाखवला. सकाळी आले ते दोघं, त्यातला एक चुना मागायला. त्या रात्री मी पानठेल्यावर सहज म्हणालो, "त्या दुसऱ्या मंडळाचे पोट्टे म्हणत होते, तुमच्यानं होत नसन तर आम्ही चाळून देतो." बस. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मैदान तयार होतं, आणि उरलेली माती शाळेच्या दारातही पसरून टाकली होती. त्या मंडळाचे पोट्टे असं काही म्हणाले नव्हते, हे इथंच सांगून टाकतो. ते कुठं वाचायला बसलेत!

संघ बोलावायचे तर प्रत्येकाचं एकच : येण्याजाण्याचं काय? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी ते बर्लिनला जाऊन देशी खेळांसोबत कबड्डीही दाखवून आलं. आमच्या जिल्ह्याचा केवढा अभिमान! बोटीत बसून एवढ्या माणसांना तिकडं नेणारा त्यांचा जो कोणी सचिव असेल त्याचे पाय धरावेसे वाटतात. इथं सात कोसांवरून एक संघ आणायचा तर ट्रॅक्टर आमचा की त्यांचा, डिझेल कोणाचं आणि ट्रॉलीत तुरीच्या शेंगा असल्या तर त्या रस्त्यात खायच्या की नाही, इथवर बोलणी लांबली.

आणि मग वजनं. खुल्या गटासोबत आम्ही ५५ किलोचा गट ठेवला होता, पत्रकावर ५०० ग्रॅमची सूट छापून. काटा धान्याच्या व्यापाऱ्याचा, इलेक्ट्रॉनिक. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मांडला. एका गावाचा मुख्य चढाईपटू वर उभा राहिला आणि आकडा आला ५५.९२०.

त्यांच्यासोबत एक काकाजी होते, पांढरा पायजमा, गळ्यात उपरणं. म्हणाले, "काटा तुमचा हाय. तुम्ही म्हणसान तेवढं दाखवीन तो." मी म्हणालो, व्यापाऱ्याचा आहे. ते म्हणाले, "मंग तं अजूनच खोटा." एवढ्यावर न थांबता त्यांनी माझ्याच दुकानातून युरियाची गोणी आणायला लावली. दोन पोट्ट्यांनी ती काट्यावर आदळली. आकडा : ४५.१००.

"पाहा!" काकाजी गर्जले. "पन्नासची गोणी अन् काटा दाखवते पंचेचाळीस! पाच किलोनं खोटा हाय!" गर्दीनं शिट्ट्या मारल्या.

आता २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोचीच येते. हे मला माहीत असणारच, मी विकतो. पण काकाजींनी वावर मक्त्यानं देऊन जमाना झाला होता, त्यांच्या डोक्यात गोणी अजून पन्नासची. हे तिथं चारचौघांत सांगितलं असतं तर काकाजी संघ ट्रॉलीत घालून परत गेले असते आणि जाताना डिझेलचे पैसे मागितले असते. मी हात जोडून म्हणालो, "बरोबर हाय काकाजी. काटा पाच किलो कमी दाखवते. म्हणजे तुमचं पोट्टं झालं साठ-एकसष्टाचं. खुल्या गटात लिहू का?"

काकाजी गप्प झाले. पोट्ट्याकडं पाहिलं. गोणीकडं पाहिलं. मग वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, गोणीवरचा छापा वाचला.

"आता पंचेचाळीसचीच येते वाटते बाप्पा."

"होय का?" मी म्हणालो. "पाहू बरं."

काटा खरा ठरला. पण पोट्टं जास्तीचंच होतं. त्याला स्वेटर, वरून घोंगडी, डोक्याला कानटोपी असं घालून गावाभोवती पळवलं. त्याच्या मागं कुत्री, कुत्र्यांमागं आमचे सहसचिव. परत आला तेव्हा ५५.७४०. मग कोणीतरी म्हणालं, केस लय वाढलेत. त्याला सलूनमध्ये नेलं. तो आधीच वैतागला होता, डोळ्यांत पाणी आलं, कारण मागं मानेवर त्यानं हौसेनं शेपटी ठेवली होती. तासून आणला. ५५.६८०. शेपटी साठ ग्रॅमची निघाली. हातातलं कडं, कमरेचा करदोडा काढायचा की नाही यावर काकाजी आणि त्याचा मामा भांडत असतानाच काट्यावर उभ्या असलेल्या त्या पोट्ट्याच्या चड्डीच्या खिशातून मोबाईल वाजला.

आईचा फोन होता. जेवला का म्हणून.

मोबाईल काढला. ५५.४८०. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पहिल्याच चढाईत तो बाद झाला. मैदानाबाहेर बसल्या बसल्या मानेवरून हात फिरवत होता.

सामने झाले, चांगले झाले. पंचांना पोट्टे टीव्हीवर पाहिलेले नियम शिकवत राहिले, म्हातारे 'आमच्या वेळी दम धरावा लागे' हे सांगत राहिले आणि माईक ज्याच्या हाती गेला त्यानं तो सोडला नाही. बक्षीस जाहीर केलेल्या एका दात्याचा फोन अंतिम सामन्याच्या रात्री बंद लागला. ते बक्षीस कोणी दिलं हे माझ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मार्चअखेर हिशेब काढायला बसलो. कोषाध्यक्ष व्हाउचरं लावत होते. नारळ, अगरबत्ती, निंबू, बिछायत केंद्र, बुंदी. मधेच एक चिठ्ठी निघाली. काकाजींच्या संघानं पाठवलेली, मंडळानं भरून द्यावी म्हणून : कटिंग एक, रुपये ऐंशी.

"हे कोणत्या खात्यात टाकायचं?" मी विचारलं.

कोषाध्यक्षांनी पेन कानामागं खोवला. "ऑडिटर विचारीन तं?"

"विचारीनच ना."

"मंग मैदान दुरुस्तीत टाका," ते म्हणाले. "सपाटीकरण."