डॅशच्या आधीचं तेवढं काढून दे

"त्या कॉलममधून डॅशच्या आधीचं तेवढं काढून दे रे, पाच मिनिटांचं काम आहे," असं सांगणारा माणूस स्वतः कधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारायचा प्रश्न, लिहीत नाही. लिहीत असता तर इतक्या प्रसन्न चेहऱ्याने सांगून चहाला निघून गेला नसता.

कॉलम साधाच होता. रंग, माप, कापड, मध्ये डॅश: ‘निळा-४२-सुती’. खरं तर इथेच कुणीतरी कान धरायला हवा होता. एका रकान्यात एकच गोष्ट ठेवा, असं या टेबलवाल्या डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड १९७० सालीच सांगून गेले. रंगाचा कॉलम वेगळा ठेवला असता तर माझ्यावर ही वेळच आली नसती. पण टेबल बनवणाऱ्याला जागा वाचवायची होती, आणि त्याने वाचवलेली जागा आता माझ्या डोक्यात भरायची होती.

कृती तोंडपाठ आहे. डॅश कितव्या जागी आहे ते शोधायचं, एक वजा करायचा, डावीकडून तेवढी अक्षरं उचलायची. पण शोधायचं फंक्शन प्रत्येक डेटाबेसचं वेगळं. एसक्यूएल सर्व्हरवर चारइंडेक्स. त्यात काय शोधायचं ते आधी आणि कुठे शोधायचं ते नंतर. ओरॅकलमध्ये इनस्ट्र, आणि त्यात कुठे ते आधी. मायएसक्यूएलने कुणाचं मन मोडायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. तिथे इनस्ट्रही आहे आणि लोकेटही, आणि दोघांचा क्रम एकमेकांच्या उलट. क्रम चुकला तर एररही येत नाही. ‘डॅश’ या मजकुरात ‘निळा-४२-सुती’ शोधल्यावर ते सापडत नाही, आणि उत्तर येतं शून्य. त्याचं बरोबरच आहे म्हणा. आणि हा गोंधळ का, तर प्रमाण एसक्यूएलमध्ये जागा शोधणारी पोझिशन आणि तुकडा कापणारी सबस्ट्रिंग आली १९९२ साली. तोवर ज्याने त्याने आपापला संसार थाटला होता.

क्वेरी पहिल्या पानभर रेकॉर्डवर छान चालली. सगळ्यावर लावली आणि एसक्यूएल सर्व्हरने लाल अक्षरांत सुनावलं की लेफ्टला, म्हणजे डावीकडून अक्षरं उचलणाऱ्या फंक्शनला, दिलेली लांबी चालणार नाही. कुठल्या रेकॉर्डला, ते सांगायचं नाही. लाखभर लोक बसलेल्या सभागृहात "तुमच्यातल्या एकाच्या खिशात पाकीट नाही" एवढंच ओरडून निघून जावं, तसं.

शोधत गेलो तर एका ओळीत ‘निळा ४२ सुती’. डॅश नाही. म्हणजे जागा शून्य, त्यातून एक गेला, राहिली वजा एक. उणे एक अक्षर उचलून दाखव म्हटल्यावर कुणीही भडकेल. आणखी एका ओळीत होतं, ‘विचारून सांगतो’. हे कुणाला विचारणार होते आणि पुढे काय झालं, हे टेबलात कुठेही नाही.

मग गाळणी लावली, की ज्यात डॅश आहे तेवढेच रेकॉर्ड घे. तरीही तीच एरर! कारण गाळणारं वेअर आधी आणि हवं ते काढून देणारं सिलेक्ट नंतर, हा क्रम आपल्या मनातला. सर्व्हरला सोयीचं वाटलं तर तो सिलेक्टमधली कापाकापी गाळणीच्या आधीही उरकून मोकळा होतो. त्यावर उपाय नलइफ. शून्य आलं की त्याचं नल, म्हणजे ‘इथे काहीच नोंद नाही’, करायचं, नलमधून एक वजा केला तरी नलच, आणि नल अक्षरं मागितली की मुकाट्याने नल मिळतं. एसक्यूएलमध्ये सगळ्यांना छळणारा नल इथे मात्र देवासारखा धावून येतो.

एवढा मनस्ताप होऊनही ओरडणारा डेटाबेस मला परवडतो. भीती वाटते ती गोड बोलणाऱ्यांची. हाच उद्योग पोस्टग्रेसवर केला तर लेफ्टला वजा एक चालतं. त्याचा अर्थ तो असा घेतो की शेवटचं एक सोडून बाकी सगळं द्या. ‘निळा ४२ सुती’चं होतं ‘निळा ४२ सुत’. एका वेलांटीचा फरक! रिपोर्टमध्ये ते कुणाला दिसणार? त्याच घरातली सबस्ट्रिंग उणे लांबी दिली की रीतसर एरर देते. मायएसक्यूएल रिकामा मजकूर हातावर ठेवतो. एकाच चुकीला तीन उत्तरं, आणि तिन्ही त्या त्या मॅन्युअलप्रमाणे अगदी बरोबर.

मोजणी शून्यापासून करायची सवय असलेल्यांचे हाल आणखी वेगळे. एसक्यूएलमध्ये अक्षरं एकपासून मोजतात. ‘निळा’मधून शून्यापासून तीन मागितली, तर एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस नसलेली शून्यावी जागाही हिशेबात धरतात आणि ‘नि’ देतात. ओरॅकल शून्याला समजुतीने एक मानतो आणि ‘निळ’ देतो. मायएसक्यूएल काहीच देत नाही.

आणि ‘नि’ ही दोन अक्षरं बरं का. डोळ्यांना ‘निळा’ दोन अक्षरी दिसतो, पण युनिकोडच्या लेखी न, वेलांटी, ळ, काना अशी चार चिन्हं. मायएसक्यूएलच्या लेंग्थला विचारलं तर यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ती बारा सांगते, कारण ती बाइट मोजते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चिन्हं मोजायला चारलेंग्थ वेगळी. शोधणाऱ्याने चिन्हं मोजली आणि वजाबाकी करणाऱ्याने बाइट, की त्या क्वेरीला कुणाचा बापही वाचवू शकत नाही.

एवढं सगळं सावरल्यावर रिपोर्ट आला, आणि त्यात निळा दोनदा. वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या बेरजा. कडेच्या रिकाम्या जागा छाटणारं ट्रिम लावलं, तरी दोनदा. शेवटी प्रत्येक तुकड्याभोवती चौकटी कंस लावून छापले, तेव्हा एका निळ्याच्या मागे रिकामी जागा दिसली. तिचा युनिकोड क्रमांक पाहिला तर १६०. साधी स्पेस ३२ क्रमांकाची, आणि ट्रिम तेवढीच ओळखते. ही १६० वाली वेब पानांवरून चिकटून येते आणि जाता जात नाही. मग डॅशही तपासले. साधा डॅश ४५, पण काहींच्या जागी बसला होता ८२११, म्हणजे वर्ड प्रोसेसरने सौंदर्यदृष्टीने लांबवलेला. दोघं शेजारी ठेवून मी चष्मा पुसून पाहिले. फरक आहे, असं मनाशी ठरवलं तरच दिसतो.

दोन्हींच्या जागी साधी स्पेस आणि साधा डॅश बसवून टाकला. ज्यांत डॅशच नव्हता त्या ओळींची यादी, आदरपूर्वक मजकुरासह, भरणाऱ्यांकडे परत पाठवली: कृपया डॅश घालून द्याव्यात.

यादी दुसऱ्याच दिवशी भरून आली. प्रत्येक ओळीतला जुना मजकूर पुसून तिथे एकेक डॅश घातला होता. नुसता डॅश. डॅशची जागा एक, त्यातून एक गेला, राहिलं शून्य. डावीकडून शून्य अक्षरं मागायला कुठल्याच डेटाबेसची हरकत नाही. एररशिवाय क्वेरी चालली आणि सगळ्यांचं एकमताने उत्तर आलं, रिकामा मजकूर. ओरॅकलकडे मात्र रिकाम्या मजकुरालाही नलच म्हणतात.