सोलरने बिल्डिंगचा लूक जातो हो!

आमच्या कल्याणच्या सोसायटीत गेल्या रविवारी सभा झाली आणि गच्चीवर सोलर बसवायचा ठराव धडाक्यात फेटाळला गेला. कारण काय, तर बिल्डिंगचा लूक जातो. एवढ्या विचारवंतांकडून जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडावं, म्हणून हा सल्ला. फुकट.

एसी 18 वर ठेवा आणि वरून जाड पांघरूण घ्या. 2020 पासून नवे एसी चालू केले की आधी 24 दाखवतात, पण त्याने बिचकू नका. रिमोट तुमच्याच हातात आहे.

झाडाची पानं गाडीवर पडतात? झाड तोडा. मग गाडी तापते म्हणून वर्गणी काढून पत्रा घाला.

पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टच.

सोलरचे कागद घेऊन येणाऱ्या पोराला बोलूच देऊ नका. जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट यांच्यासाठी सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं, असलं काहीबाही तो सांगत बसतो. "गच्ची गळली तर जबाबदार कोण?" एवढं विचारा, गप बसतो. (आमची सोलरशिवायच गळते, ते सोडा.)

आणि रामबाण उपाय शेवटी. पर्यावरणाचा विषय निघाला की सुस्कारा सोडून म्हणायचं, "खरा प्रॉब्लेम लोकसंख्या आहे." म्हणताना पार्किंग झाडणाऱ्या मावशींकडे बघायचं. आमच्या एका काकांनी अगदी तस्संच केलं. काकांच्या घरी तीन खोल्यांत तीन एसी, खाली दोन गाड्या. मावशींकडे एक पंखा. अहो काका, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. लोकसंख्या आहे तेवढी राहायलासुद्धा 2.1 लागतात. इथे पोरं वाढत नाहीयेत, तुमचे एसी वाढतायत! आणि त्यांची वीज काय भिंतीतून उगवते? चंद्रपूरला 2,920 मेगावॅटचं केंद्र आहे, तिथे कोळसा जळतो. तिथून साडेसातशे किलोमीटर तारांवरून वीज इथे शेजारी पडघ्याला येते. तिकडची माणसं दोरीवरच्या कपड्यांवरची काळी धूळ झटकतात, मे महिन्यात 45-46 अंशांत भाजून निघतात, कशासाठी, तर तुम्हाला भर उन्हाळ्यात पांघरुणात झोपता यावं म्हणून. त्यांना जाऊन सांगा बिल्डिंगचा लूक.

पुरे झाला सल्ला. तुम्हाला गच्चीवरच्या चार पाट्या खुपतात आणि चंद्रपूरची चिमणी दिसत नाही, कारण ती तुमच्या खिडकीसमोर नाही, एवढंच. खिशातून फारसं काही जाणार नव्हतं, उलट सामायिक बिल उतरलं असतं. तरीही हात वर झाले नाहीत. बरं, नका बसवू. पण स्वतःचं पाप दुसऱ्याच्या पोरांवर ढकलायची ही कुठली रीत? मावशींनी ऐकलंय ते वाक्य. काका, जाऊन माफी मागा त्यांची.