"चोवीस तास सगळ्यांनाच असतात" म्हणणाऱ्यांसाठी

ती पोस्ट परत फिरतीये. पेपर सगळ्यांना एकच, तास सगळ्यांना चोवीसच, म्हणून वर गेला तो मेहनतीने आणि खाली राहिला तो आळसाने, बाकी सगळ्या सबबी. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग.

आधी चोवीस तासांचं बघू. मी आणि माझा एक मित्र एकाच परीक्षेला बसलो आणि दोघंही पहिल्या अटेंप्टला आपटलो. मी दोन दिवस तोंड पाडून बसलो, तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले अजून एक वर्ष दे, बघू. त्याच्या घरी ते वर्षच शिल्लक नव्हतं. धाकटीची फी, आईचं आजारपण, महिन्याभरात तो नोकरीला लागला आणि जाताना पुस्तकं मला देऊन गेला. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात त्याच्या नोट्स होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या, त्या वाचूनच मी दुसऱ्यांदा पास झालो. आता सांगा, तास कुणाचे किती?

"पेपर एकच" हेही अर्धंच खरं. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवलं की प्रवेश परीक्षेचा स्कोअर सारखा असला तरी सगळ्यात श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात तिथल्या टॉप कॉलेजांत पोचतात. कारणं काय, तर माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंच्या जागा, आणि "व्यक्तिमत्त्वाचे" गुण. म्हणजे पेपर एकच, निकाल दोन.

"एका पिढीत गरिबी झटकता येते." काहीजण झटकतात, त्यांच्याच मुलाखती आपण बघतो, उरलेल्यांना माइक कोण देणार. ओईसीडीने, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने, 2018 मध्ये हिशोब मांडला होता, तळातल्या घराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत यायला त्यांच्या सदस्य देशांत सरासरी चार-पाच पिढ्या लागतील, डेन्मार्कमध्ये दोन आणि कोलंबियात अकरा. मग काय, डेन्मार्कची माणसं कोलंबियाच्या माणसांपेक्षा पाचपट राबतात?

"मग मेरिट सोडून वशिला आणायचा का?" नाही हो, असं कुणीच म्हणत नाहीये. ऑपरेशन करणाऱ्याला ऑपरेशन यायलाच हवं आणि परीक्षा ही वशिल्यापेक्षा कधीही बरी. आक्षेप परीक्षेवर नाही, निकाल बघून माणसाची लायकी ठरवण्यावर आहे. आणि गंमत म्हणजे "मेरिटोक्रसी" (मेरिटवालेच वर बसतात असा समाज) हा शब्द ज्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकल यंग यांच्यामुळे सगळीकडे पसरला त्यांनी तो 1958 मध्ये चक्क टिंगल म्हणून वापरला होता, अशा समाजाचा इशारा म्हणून. तोच शब्द ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आदर्श म्हणून मिरवायला लागले तेव्हा 2001 मध्ये म्हाताऱ्या यंगनी वैतागून पेपरात लेख लिहिला. त्यांची धास्ती अशी की वरच्यांना वाटणार हे सगळं आपण कमावलंय, आणि खालच्यांना वाटणार आपली लायकीच नव्हती. जुन्या जमान्यात गरिबाला निदान नशिबाला दोष देता यायचा.

मेहनत करू नका असं मी म्हणत नाहीये, उगाच त्यावरून भांडायला येऊ नका.

ती पोस्ट मला त्याच मित्राने पाठवली होती. खाली लिहिलेलं, "पटलं रे, मीच कमी पडलो."