भेटवस्तूंची लांबत जाणारी यादी

सण तोंडावर आला की आमच्या घरात भेटवस्तूंची यादी निघते आणि दर वर्षी ती आधीच्या वर्षीपेक्षा लांबच असते, याचा मला आता मनापासून उबग आला आहे. गेल्या वेळी त्यांनी एवढे महागाचे दिले, मग या वेळी आपण हलके देऊन कसे चालेल, हा एकच प्रश्न ठरवलेल्या साऱ्या हिशेबावर पाणी फिरवतो. पुढच्या वर्षी तोच प्रश्न त्यांनाही पडतो आणि दोन्ही घरे, खरे तर प्रेमापोटीच, एकमेकांचा खर्च वाढवत राहतात. अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींची पाहणी करून असा अंदाज मांडला होता की, मोजलेल्या किमतीपैकी १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचे मोल घेणाऱ्याच्या लेखी उरतच नाही. कपाटात न उघडता पडून राहिलेली खोकी पाहिली की मला ते पटते.

त्याहून अधिक चीड येते ती क्रेडिट कार्डावरच्या खरेदीची. बिलातली किमान रक्कम भरली की निभावले असे वाटते, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहते आणि खेळणे मोडून गेले तरी त्याचे पैसे फिटलेले नसतात. माणशी रक्कम आधीच ठरवावी, मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी एकालाच भेट द्यावी, असे मी तीन वर्षे सांगतो आहे. सगळे मान डोलावतात आणि खरेदीला निघताना यादीत आणखी दोन नावे घालतात.