कांदा जप्त

परवा सकाळी आमच्या भागातल्या बागेच्या फाटकावर चौकीदाराने माझ्या ट्रॅकपँटचा फुगलेला खिसा बोटाने टोचला आणि आतला कांदा बाहेर काढायला लावला.

"खायच्या वस्तू आत नेता येत नाही. बोर्ड लावून हाये."

"हा खायचा नाही."

"मंग कायचा हाये?"

मागे हास्यक्लबची मंडळी रांगेत उभी होती. त्यांचं त्या दिवशीचं हसणं फाटकावरच उरकलं.

आता कांदा खिशात का होता, ते सांगतो. आमच्या जिमने 'ऋतूंनुसार फिटनेस' असा एक तक्ता भिंतीला डकवलाय. हिवाळ्यात आत राहून वजनं उचला, भरपूर खा. उन्हाळ्यात मोकळ्या हवेत धावा, सूर्यप्रकाशाचा आनंद घ्या. ज्या देशात ऊन दिसलं की लोक शर्ट काढून गवतावर लोळतात, तिथला हा तक्ता जसाच्या तसा उचललेला. लिहिणाऱ्याला मे महिन्यात, भर दुपारी, नागपूरच्या बर्डीवर उन्हात लावलेल्या स्कूटरच्या सीटवर बसवला पाहिजे. पण वर्षाचे पैसे भरलेले. म्हणून पहाटे साडेपाचला धावायला निघालो.

पहिल्याच वळणावर बाकावरून आवाज आला, "थांबा!"

डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळलेले एक काका. दिसत होता फक्त चष्मा. यांना काही होतंय की काय, म्हणून मी धावत गेलो.

"पळून काऊन राहिले?"

"व्यायाम, काका."

"नवतप्यात?" २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला आणि पुढचे नऊ दिवस नवतप्याचे, हे मला ठाऊक नसावं असं समजून त्यांनी ते बोटं मोजून सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "कांदा हाये का खिशात? त्यानं लू लागत नाही."

"नाही."

"कांदा नाही, अन् तसेच निघाले? घरच्यायनं जाऊ कसं देल्लं?"

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी माझं मनगट धरलं. नाडी पाहत असतील असं वाटलं, पण नुसतं धरूनच ठेवलं होतं.

"आयुर्वेदातला वाग्भट काय सांगते? थंडीत अन् वसंतात व्यायाम अर्ध्या शक्तीनं. तोही धडधाकट, तूप खाणाऱ्या माणसानं. बाकी दिवसांत त्याच्याहून कमी."

"अर्धी शक्ती संपली हे कळतं कसं?"

"कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंडाले कोरड पडली, का झाली अर्धी शक्ती. थांबायचं."

हे सगळं मला रोज दात घासताना होतं. तसं सांगितल्यावर काका भलतेच खूश झाले. "म्हणून तर मी बसून राहतो!"

"मग तुम्ही करता केव्हा व्यायाम? पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात अग्नी मंद. अंगमेहनत वर्ज्य."

"ऑक्टोबर?"

"ऑक्टोबर हीट. मंग दिवाळी. दिवाळीत कोणी पळते का?"

"थंडीत तर वाग्भटाची परवानगी आहे."

"वाग्भटाची हाये. पण पहाटे पारा आठ-नऊवर येते अन् मले दमा हाये."

"वसंतात?"

"वसंतात कफ."

असं बसल्या बाकावर वर्ष संपवून त्यांनी डाव्या खिशातून एक कांदा काढला आणि माझ्या खिशात स्वतःच्या हाताने कोंबला. "घ्या. मी दोन ठेवतो. उद्या पाहीन, आनला का नाही." त्या 'पाहीन'ला घाबरून मी दुसऱ्या दिवशी कांदा घेऊन गेलो, बस.

चीड काकांची नाही. अर्धं तर ते खरंच बोलत होते. उन्हात कष्ट करायची सवय लागायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पण तेवढी उसंत शरीराला मिळायला रात्र तरी थंड हवी ना? आम्ही सिमेंटचे रस्ते केले, ते दिवसभर तापतात आणि रात्री अकरालासुद्धा चपलेतून चटका देतात. कडेची झाडं रुंदीकरणात गेली. बागेतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळातून उन्हाळाभर हवा येते. चौकीदाराला माझा कांदा दिसतो, नळ दिसत नाही. आणि जिमसमोरच्या बांधकामावर भर बारा वाजता डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईला कुणी तक्ता दाखवत नाही.

ऋतुचर्या खरी कळली ती सरकारला. १९५३ च्या नागपूर कराराचा मान राखून अख्खं मंत्रिमंडळ इथे येतं ते हिवाळी अधिवेशनाला, सहसा डिसेंबरात. मे महिन्यात कराराची आठवण कुणालाच येत नाही. आमची धावायची खरी वेळ डिसेंबरच, आणि नेमके तेव्हाच सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड्स. त्यातून वाचलो तर लग्नं, हुरडा, तिळगूळ, आणि थंडीत सावजीची तर्री जरा जास्तच चढते. फेब्रुवारीत डोकं वर काढावं तर लोक कूलरच्या ताट्या बदलायला लागलेले.

काल संध्याकाळी जिममध्ये गेलो आणि काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, माझी मेंबरशिप पाऊस पडेपर्यंत थांबवा.

"थांबवता येते सर. फक्त मे-जून सोडून."

"का?"

"मे-जूनमध्ये सगळेच थांबवतात ना, सर."

मी आवाज चढवला. विदर्भातल्या शाळासुद्धा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीकडे उघडतात. शाळेला जी सवलत आहे, तेवढीच मला द्या.

ती नम्रपणे म्हणाली, "पण सर, सुट्टीतली फी शाळा सोडते का?"