काकू, एक फोटो काढता का?

काकू म्हणाला तो मला. मी 46 वर्षांची आहे, मान्य. पण म्हणणारा काही कॉलेजातला पोरगा नव्हता. चाळिशी ओलांडलेला, टक्कल टोपीखाली झाकलेला, जॅकेटची चेन पोटापाशी अडलेला चांगला बाप्या माणूस. आणि कुठे म्हणाला? मिताकाच्या घिबली म्युझियमच्या, म्हणजे जपानच्या त्या ॲनिमेशन सिनेमेवाल्या स्टुडिओच्या म्युझियमच्या, तळमजल्यावर, अंधारात, त्या झोएट्रोपसमोर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या बाहुल्या दिव्याच्या लुकलुकीत जिवंत झाल्यासारख्या दिसतात त्या यंत्रासमोर, ज्याच्यासाठी मी डोंबिवलीहून टोकियो गाठलं होतं.

दिवा लुकलुकायला लागला होता. ‘टोटोरो’ सिनेमातल्या छोट्या मेईची दोरी फिरली, त्या गुबगुबीत जंगली टोटोरोने छत्रीसकट उडी मारली, मांजराच्या आकाराची मांजरबस पळत सुटली. माझे डोळे भरून यायच्या बेतात होते. तेवढ्यात कानाशी, खणखणीत मराठीत: ‘आई, दिसतंय का? नाही गं, कॅमेरा उलटा झालाय, थांब!’

व्हिडिओ कॉल. सांगली की कुठेतरी. ज्या इमारतीत शिरतानाच आत फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत हे सांगतात, चित्र काढून दाखवतात, तिथे हा गृहस्थ आईला थेट प्रक्षेपण करतोय. आई म्हणतेय, ‘अंधारच आहे रे सगळा.’ अहो, अंधारच असतो तो! अंधार नसेल तर ते हलताना दिसणारच नाही! हे मी बोलले. मनात बोलायचं होतं, तोंडातून बाहेर पडलं. आणि तोच माझा घात. त्याने वळून पाहिलं, चेहरा उजळला. ‘अय्या, मराठी का? काकू, एक फोटो काढता का?’

पुरुष माणूस ‘अय्या’ म्हणाला हेही मी एक वेळ सोडून देते.

मी इथवर कशी पोचले ते याला काय ठाऊक. ही तिकिटं दर महिन्याच्या 10 तारखेला, जपानच्या सकाळी 10 वाजता, पुढच्या महिन्यासाठी खुली होतात. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, मोठ्या माणसाला 1000 येन, सगळं कसं स्वच्छ. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. माझं भांडण आमच्या बँकेशी आहे, जिला साडेसहाला ओटीपी पाठवायचा तर आधी आंघोळ-देवपूजा उरकावी लागते. त्यात कार्ड नवऱ्याचं, म्हणजे ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि फोन नवऱ्याबरोबर बाथरूममध्ये. मी दाराबाहेरून ओरडतेय ‘आकडे सांग’, तो आतून विचारतोय ‘कसले?’ कसले म्हणजे! शेवटी सहा आकडे आले, तेव्हा पानाची मुदत संपलेली. पुन्हा रांग. दुसऱ्यांदा गाडी इथपर्यंत आली तेव्हा उरला होता एका बुधवारचा उशिराचा स्लॉट. त्या एका स्लॉटपायी आमचं क्योतो दोन दिवस पुढे गेलं, हॉटेल बदललं आणि रद्द करण्याचे पैसे गेले ते गेलेच.

हे सगळं चाललेलं असताना माझा मावसभाऊ, जो एकदा ऑफिसच्या कामाला चार दिवस टोकियोला जाऊन आलाय आणि तेव्हापासून जपानवर बोलायचा अधिकार ज्याने कुणालाच दिलेला नाही, तो म्हणाला, ‘एवढं काय त्यात, ऐनवेळी दारात मिळतात तिकिटं.’ मिळत नाहीत! दारात जी तिकीट-खिडकी दिसते तिच्यात टोटोरो बसलाय, शोभेचा. त्याच्याकडे माग जाऊन. आणि एका वेबसाइटने हेच तिकीट ‘स्पेशल टूर’च्या नावाखाली माणशी साडेसात हजार रुपयांना दाखवलं होतं. 1000 येनचं तिकीट! नवरा घेतही होता. ‘कटकट नको’ म्हणे. कटकट नको होती तर फोन बाथरूमबाहेर ठेवायचा.

त्यात ते मार्च 2025 आठवलं. आठवतोय ना? आख्ख्या सोसायटीने आपापले लग्नाचे फोटो एआयकडून ‘घिबली’, म्हणजे त्या सिनेमांतल्या चित्रांसारखे, करून घेतले होते. आमच्या सेक्रेटरींचा तर लिफ्टच्या उद्घाटनाचा फोटो. ज्यांनी आयुष्यात एक सिनेमा पाहिला नाही, तेच मला ‘कार्टूनसाठी कुणी जपानला जातं का’ विचारणारे. घिबली-इडली कायकाय म्हणत होते. जपानी लोक ‘जिबुरी’ म्हणतात हे मी ग्रुपवर एकदाच लिहिलं, तर तिघांनी हात जोडलेले पाठवले. चिमटा होता तो, मला कळतं.

तर, काकू.

मी नाही म्हणायला हवं होतं. शिंजुकू ते मिताका ही 20 मिनिटं लोकलमध्ये मी नवऱ्याला हेच ऐकवत आले होते, की आत फोन काढायचा नाही, डोळ्यांनी बघायचं, मनात साठवायचं, हे सिनेमे काढणाऱ्या मियाझाकींनी कसा एकेक जिना, एकेक खिडकी विचार करून बसवलीय. स्टेशनपासून कालव्याच्या कडेने चालत जातानाही तेच. नवरा ‘हो’ म्हणत झाडं बघत होता. इतकं कीर्तन केल्यावर एका अनोळखी माणसाने फोन पुढे केला, आणि मी तो घेतला. का घेतला, मला विचारू नका. आपल्याकडे लग्नात कुणी मूल हातात दिलं की आपण घेतो ना, तसा घेतला.

नुसता घेतला नाही. ‘जरा डावीकडे सरका, टोटोरो झाकला जातोय,’ असंही म्हणाले.

आणि तेव्हाच ती आली. विशीतली मुलगी, म्युझियमच्याच कामावरची, आवाज इतका मऊ की आधी ऐकूच आला नाही. दोन्ही हातांची छातीसमोर फुली केली आणि वाकली. मला! फोन माझ्या हातात ना! तो बाप्या तोवर हात मागे बांधून, मान कलती करून, अत्यंत रसिक चेहऱ्याने बाहुल्या बघत उभा. त्याची-माझी ओळख नाही. मी चार वेळा सुमीमासेन, म्हणजे माफ करा, म्हटलं. ती प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा जास्त वाकली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं हो. शाळेत बाई ओरडायच्या आणि विषय संपायचा.

मागून नवरा: ‘तू फोटो काढत होतीस?’ तोच, ज्याला दारात तिकीट म्हणून मिळालेल्या सिनेमाच्या फिल्मच्या तुकड्यात टोटोरोचा आख्खा चेहरा आला, आणि ज्याने मला विचारलं की हा अस्वल आहे का. माझ्या तिन्ही चौकटींत कौलं. नुसतं छप्पर. 46 वर्षांची बाई छपराचे तीन फोटो दिव्यासमोर धरून बघतेय. वर खेळायला ठेवलेल्या मोठ्या मांजरबसमध्येही शिरता येत नाही, ती फक्त लहान मुलांना. दोरीपाशी उभी राहून मी एका पाच वर्षांच्या पोराकडे असं बघितलं की त्याच्या आईने त्याला पलीकडच्या बाजूने आत सोडलं.

गच्चीवर मात्र फोटो चालतात. त्या पाच मीटर उंच रोबोसमोर रांग लावली, तर आमच्या पुढे कोण? ‘सॉरी हां काकू, मघाशी जरा गडबड झाली.’ आणि नवऱ्याने, माझ्या सख्ख्या नवऱ्याने, त्याला माझा नंबर दिला. ‘हिने काढलेला फोटो पाठवा हिला.’ दोघांनी मिळून एक सेल्फीही काढली. सांगलीचेच निघाले ते, नवऱ्याच्या आत्याच्या गल्लीतले.

आत्ता हॉटेलवर मेसेज आला. फोटो हललेला, अर्ध्या भागावर माझा अंगठा. पाच मिनिटांनी दुसरा. अंधुक आला म्हणून त्याने तो एआयकडून ‘घिबली स्टाईल’ करून घेतलाय. घिबली म्युझियममध्ये काढलेला फोटो! त्यात त्याला दाट केस आहेत. पोट नाही. टोटोरोचं काहीतरी मांजर-अस्वल झालंय, आणि माझ्या अंगठ्याचा केलाय गुलाबी डोंगर. खाली: ‘काकू, आता बघा कसा मस्त आलाय.’

नवरा म्हणतो, डोंगर छान आहे.

मी अंगठा पाठवला.